चार मोजून दाबलेलं बटण

डोळे तपासायच्या मशीनवरच्या त्या हनुवटीच्या पट्टीची मथुराला पहिल्याच वर्षी शिसारी बसली. आधीच्या माणसाची दाढी, घाम, तंबाखूचा वास, सगळं स्पिरिटच्या एका बोळ्यानं पुसायचं आणि 'या, बसा' म्हटलं की पुढच्यानं निमूटपणे तिथेच हनुवटी टेकवायची. त्यातून टेकवणारे सगळे तिच्याच माहेरचे. चुलते, चुलतभाऊ, त्यांच्या लेकी, आतेची नातवंडं. एरवी एकमेकांच्या दारात न फिरकणारी ही मंडळी वर्षातून एकदा कुडाळच्या एका सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीनं बसत. हातात नाश्त्याचा खोका, त्यात गार झालेला बटाटेवडा, आणि जो तो दुसऱ्याला अजून किती दिसतं त्याचा अंदाज घेतोय. कोणी खुर्चीच्या पायाला अडखळलं की बाकीच्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते बघून मथुरा खोका मिटून ठेवी.

या घराण्यात डोळ्यांचं दुखणं वारशानं येतं. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग दोन्ही बाजू हळूहळू मिटत येतात, आणि शेवटी समोरचं तेवढं उरतं, पपईच्या पोकळ देठातून बघावं तसं. एका पिढीत निम्म्यांना होतं, निम्मे सुटतात. मुंबईच्या डॉक्टरांनी ही घराण्याची गोष्ट कुठून तरी शोधून काढली आणि पाच वर्षं दरवर्षी येऊन मोजमाप घ्यायचं ठरवलं. औषध काही नव्हतं, आणि तसं त्यांनी पहिल्याच दिवशी संमतीपत्र वाचून दाखवताना स्पष्ट सांगितलं. आम्ही फक्त बघणार. दुखणं वर्षाला किती पुढे सरकतं ते नीट कळलं, तर उद्या औषध निघाल्यावर ते लागू पडतंय की नाही हे ठरवता येईल. डॉक्टर अक्षया म्हणून पस्तिशीची बाई होती, ती हे अगदी समजावून सांगे. मथुराला तिचं बोलणं पटलं होतं. फक्त आपल्या घराण्यानं तीन पिढ्या जे झाकून ठेवलं ते ही बाई रंगीत पेन्सिलीनं कागदावर काढणार, हे तिला सोसवत नव्हतं.

झाकणं कसं, तर अगदी शिस्तीत. वालावलच्या माहेरच्या घरात मुलीला रांगोळी येवो न येवो, मोजायला यायलाच हवं होतं. सत्यवती आते शिकवायची. स्वयंपाकघरापासून विहिरीपर्यंत बावीस पावलं, विहिरीपासून गोठ्यापर्यंत सतरा, उंबऱ्याआधी दोन. बघायला पाहुणे येणार असले की आते त्यांना भर दुपारचीच वेळ द्यायची, आदल्या दिवशी मुलीला ओसरीवर हातात भरल्या कपांचा ट्रे देऊन वीस वेळा चालवायची आणि पाहुण्यांच्या खुर्च्या कुठे मांडायच्या ते कोळशानं जमिनीवर आखून ठेवायची. चहा सांडला तर मनगटावर उलथन्याचा चटका. मथुरानं एकदाही सांडला नाही. ती आतेची लाडकी होती, आणि आतेनं 'माझी मथुरा कोणाक कळाक देवची नाय' असं भर चारचौघांत म्हटलं, तेव्हा तिला पहिलं बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं होतं. हे आठवलं की आता तिला स्वतःचीच किळस येते.

भिकाजीशी लग्न झालं, नवं घर, नवी पावलं. आठ दिवसांत तिनं सगळं घर पाठ केलं. नवऱ्याला काही कळलं नाही असं ती वीस वर्षं समजत होती. मग एकदा जावेनं सहज सांगितलं की, भिकाजी लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी अंगणातली कुदळ, घमेली, पाट उचलून भिंतीकडे लावतो, आणि का ते कोणी विचारलं तर विषय बदलतो. मथुराला त्यावर भरून वगैरे आलं नाही. आपण इतकी वर्षं ज्याच्यासमोर नाटक केलं त्याला ते पहिल्या अंकापासून ठाऊक होतं, या विचारानं तिचं अंग आक्रसलं.

नोकरी तिला काजूच्या कारखान्यात होती, गर निवडायची. पांढरा अख्खा वेगळा, डागी वेगळा, फुटलेली पाकळी वेगळी. हे काम समोरच्या नजरेचं, आणि समोरची नजर तिची शाबूत होती. हातातल्या गरावर टाचणीएवढा डाग असला तरी ती बाजूला काढी. शेजारी ठेवलेली पाटी मात्र तिला दिसत नसे. ती कुठे आहे हे ती लक्षात ठेवी, आणि कोणी पाटी हलवली की चांगला गर डागी गरांत पडे. पण असं वर्षातून दोनदाच व्हायचं. मुकादम म्हणायची, मथुराबाईचा हात सगळ्यांत साफ.

तर अशी ही बाई मशीनपुढे बसली. मशीन म्हणजे आडवा ठेवलेला मोठा पांढरा वाडगा. एक डोळा पट्टीनं झाकायचा, दुसऱ्यानं वाडग्याच्या मधोमध बघत राहायचं. पलीकडे दीपिका नावाची मुलगी एक दांडा हातानं कडेकडून मध्याकडे सरकवत आणी, त्याबरोबर वाडग्यात उजेडाचा बारीक ठिपका सरके. ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं, घंटी वाजे, दीपिका तिथे पेन्सिलीनं खूण करी. सगळ्या बाजूंनी झालं की खुणा जोडून कागदावर एक वर्तुळ तयार होई. नजर जितकी रुंद, तितकं वर्तुळ मोठं. याहून नवी, आपोआप चालणारी मशीनं निघालीत म्हणे, पण पाचही वर्षं एकाच मापानं मोजायचं म्हणून डॉक्टरांनी हे जुनंच ठेवलं होतं.

खोलीत अंधार होता आणि मथुराला ठिपका दिसेना. पण दांडा सरकताना कागदावर घासल्याचा आवाज येत होता, सुर्र, अगदी बारीक. तिनं ठरवून काही केलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. तिचा अंगठाच आतेकडे शिकलेला. आवाज सुरू झाला, तिनं मनात एक, दोन, तीन, चार मोजले आणि बटण दाबलं. घंटी वाजली. दीपिका 'छान' म्हणाली. मग पुढच्या बाजूनंही चार, त्याच्या पुढेही चार. मधूनच दीपिका परीक्षा म्हणून ठिपका न दाखवता नुसती बसून राही, तेव्हा दांडाही हलत नसे, म्हणून मथुराही गप्प बसे. दीपिकानं कागदावर शेरा मारला, उत्तरं खात्रीलायक.

दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी चार, चौथ्या वर्षी चार. दीपिकाचा हात अगदी एका चालीचा, त्यामुळे चारही वर्षांची वर्तुळं एकावर एक ठेवली तर जुळावीत अशी आली. बाकीच्या नातेवाइकांची वर्तुळं आक्रसत होती, मथुराचं जिथल्या तिथे. त्यात आणखी गंमत अशी की, डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढत, त्यांत तिचा पडदा दरवर्षी जास्त सुकलेला दिसे. पडदा सुकतोय आणि नजर टिकलीय. डॉक्टर अक्षया तिच्या फाइलवर तासभर बसायची. मथुराताई, तुम्ही आमच्यासाठी फार मोलाच्या आहात, असं म्हणत ती काय काय विचारी, मासे किती खाता, उन्हात किती जाता, लहानपणी कुठला ताप आला होता का. मथुरा सगळ्याची खरी उत्तरं द्यायची. बांगडा आठवड्यातून तीनदा. बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या चुलतभावांनी बांगडे वाढवले. एकानं तर तिच्या घरी येऊन माशांच्या कढीत काय घालतेस ते लिहून नेलं, आणि त्या कागदाच्या घड्या करून खिशात ठेवताना त्याचा हात आधी खिशाच्या बाहेरच दोनदा आपटला. मथुरानं ते समोरून स्पष्ट बघितलं. पण तिनं त्याला खरं सांगितलं नाही.

इथपर्यंत निभावलं असतं. एका बाईचं वर्तुळ खोटं निघालं म्हणून जग बुडत नाही. पण दुसऱ्या वर्षापासून भक्तीही अभ्यासात आली होती.

भक्ती तिची एकुलती एक लेक, तेव्हा एकवीस वर्षांची, नर्सिंग केलेली. तिला रात्रीचं कमी दिसतं हे मथुराला ती पाच वर्षांची असल्यापासून माहीत होतं. आतेसारखं हिला मोजायला शिकवायचं नाही, अशी तिनं देवासमोर शपथ घेतली होती आणि सोळा वर्षं पाळलीही होती. मग कुडाळला जाताना रिक्षात भक्ती घाबरली. नाव खराब झालं तर, सगळ्यांना कळलं तर, असं म्हणत रडवेली झाली, आणि मथुरानं, जिला त्या घटकेला कौतुकच वाटलं असणार आपल्या हुशारीचं, तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं,

"आवाज आयक. दांडो सरकता तेव्हा घासता. चार मोज आणि दाब."

एवढंच. आतेनं सोळा वर्षं केलं ते तिनं एका वाक्यात उरकलं.

भक्तीचं वर्तुळ आईच्या वर्तुळाशी जुळलं. पुढच्या वर्षीही जुळलं. डॉक्टर अक्षयाला आनंद झाला, कारण आता हा एकटीचा प्रकार राहिला नाही, मायलेकींत सौम्य रूप उतरलं असावं असं तिला वाटू लागलं. भक्तीला उपकेंद्रात नोकरी लागली, चार वाड्या फिरायच्या, गरोदर बायकांना बघायचं. स्कूटर घेऊ का, असं तिनं विचारलं. डॉक्टरनं दोघींचे कागद समोर ठेवून विचार केला आणि लिहून दिलं, दिवसाउजेडी चालवायला हरकत नाही, दरवर्षी तपासणी करावी. भक्तीनं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवला. मथुरानं त्या दिवशी शेजाऱ्यांना पेढे वाटले. वाटताना तिला काय वाटत होतं हे तिला विचारू नये, ती सांगणार नाही.

यंदा पाचव्या तपासणीला बारा दिवस उरले असताना भक्ती दुपारी घरी आली ती कोपर सोलवटून. गाडीचा आरसा मोडलेला. आडवाटेनं एक म्हातारी डोक्यावर पातेऱ्याचा, सुक्या पानांचा भारा घेऊन रस्त्यावर आली, भक्तीची गाडी तिला लागली, म्हातारी पडली. गुडघा फुटला, बाकी निभावलं. भक्तीनंच तिला मलमपट्टी केली आणि घरी पोचवलं. हे सगळं सांगताना ती चिडली होती, म्हातारीवरच.

"खंयसून इली काय कळाकच नाय," ती म्हणाली. "रस्तो रिकामो होतो. एकदम समोर."

मथुरा विळीवर भाजी चिरत होती, ती थांबली. एकदम समोर म्हणजे काय हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तिच्या जगात सगळंच एकदम समोर येतं. माणसं, गुरं, दाराची चौकट, लेकीचा चेहरा. बाजूनं चालत कोणी येतच नाही. तिच्या नडग्यांवर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत काळेनिळे डाग आहेत, जुन्यांवर नवे, आणि लुगड्याच्या आत ते कोणाला दिसत नाहीत. तिनं भक्तीला विचारलं की, मशीनवर बसतेस तेव्हा तू ठिपका बघून दाबतेस की मोजून. भक्ती म्हणाली, पहिल्या वेळी एकदोनदा मोजलं असेल, पण नंतर मला दिसतच होतं. मग कागदांची पिशवी पुढे करून म्हणाली, तुझं नि माझं सारखंच आहे, आणि तू एवढ्या वर्षांत कुठे धडपडलीस? न धडपडण्याचं जे नाटक मथुरानं जन्मभर वठवलं, त्यावरच पोरगी गाडी चालवत होती.

गाडी घेऊ नकोस, असं ती बारा दिवस रोज सांगत राहिली आणि भक्ती रोज गाडी घेऊन जात राहिली. खरं कारण सांगायला तिची जीभ वळेना. अर्धं लाजेपोटी, आणि अर्धं, कबूल करायला हवं, त्या वर्तुळापोटी. चार वर्षं सगळ्या घराण्यात तिची एकटीची नजर टिकली होती. तो मान सोडवत नव्हता. इतकी हलकट आहे का मी, असं तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तर होकारार्थी आलं. आतेचा, मशीनचा, बांगड्यांचा, सगळ्यांचा तिटकारा करून झाल्यावर शेवटी तो जिथे पोचायचा तिथे पोचला.

तपासणीच्या दिवशी दोघी स्कूटरवरूनच कुडाळला गेल्या. मथुरा मागे बसली होती. वाटेत एका वळणावर डावीकडून टेंपो आला, त्याचा आवाज मथुराला आधी आला आणि तिनं भक्तीचा खांदा दाबला, तेव्हा कुठे भक्तीनं ब्रेक मारला. 

सभागृहात गेल्या गेल्या मथुरा रांग सोडून थेट डॉक्टरच्या टेबलाशी गेली. भक्ती मागोमाग आली. मथुरा पुस्तकी मराठीत बोलू लागली, कारण तिथे तसंच बोलायचं असतं.

"मॅडम, मी चार वर्षं खोटं बटण दाबलं. मला ठिपका दिसत नाही. दांड्याचा आवाज येतो, मी चार मोजते."

डॉक्टर अक्षयाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती ओरडली नाही. का केलंत, असं तिनं अगदी हळू विचारलं. मथुरानं सांगितलं की आमच्याकडे डोळ्यांची परीक्षा म्हणजे पास व्हायची असते, तुम्ही बघायला आलात ना, बघायला येणाऱ्याला आम्ही कधी खरं दाखवलेलंच नाही. डॉक्टर फाइल उलटीसुलटी करत म्हणाली, म्हणजे चार वर्षांचे तुमचे आकडे गेले, सगळे काढावे लागतील, आम्ही त्यावर लेख लिहायला घेतला होता. आणि मथुराचा पारा चढला. आकड्यांचं सुतक हिला आत्ता सुचतंय. ती टेबलावर वाकून म्हणाली की, माझे आकडे घाला चुलीत, ही माझी पोर तुमच्या कागदावर रस्त्यात गाडी चालवते आहे.

डॉक्टरनं फाइल मिटली. तशी ती समजूतदार बाई होती, आणि तिच्या लक्षात आलं.

भक्तीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं. आईनं सगळ्या नातेवाइकांसमोर तिची अब्रू काढली होती आणि खुर्च्यांवरची मंडळी वडे हातात धरून बघत होती. मी बघूनच दाबते, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. डॉक्टरनं सांगितलं, मग कान बंद करून एकदा करू, त्यात तुझंच भलं. आधी आई.

मथुराच्या कानात कापसाचे बोळे घातले, वरून दीपिकानं आपले गाणी ऐकायचे मोठे हेडफोन बसवले. वाडगा पांढरा आणि रिकामा होता. ती वाट बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं काही मोजलं नाही. कितीतरी वेळानं अगदी मधल्या खुणेजवळ एक ठिपका दिसला, मग तिनं बटण दाबलं. सगळं झाल्यावर कागद बघितला तर वर्तुळ जुन्या चार आण्यांच्या नाण्याएवढं. तिला वाईट वाटलं नाही, उलट तोंडातला कसला तरी जुना आंबट वास गेल्यासारखं वाटलं.

मग भक्ती बसली. मथुरा त्याच अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली, तिचे कान आता मोकळे होते. भक्तीचे बंद. दीपिकानं दांडा सरकवायला सुरुवात केली.

सुर्र.

मथुराला नको होतं, पण मनानं मोजणं सुरू केलं. एक, दोन, तीन, चार. चारला घंटी वाजली नाही. तिची मूठ आवळली गेली. पाच. भक्ती ताठ बसली होती, मधोमध बघत, जशी बसवलेली तशीच. सहा. दांडा घासत येत होता आणि मथुराला वाटत होतं की उठावं आणि तिच्या हातातलं बटण आपणच दाबावं, आत्ता, अजून वेळ आहे. तिला तेवढी स्वतःची घृणा आयुष्यात कधी आली नव्हती जेवढी त्या क्षणी आली. ती बसून राहिली. सात. घंटी वाजली.

दुसऱ्या बाजूनं सात. खालून साडेसात. वरून सात. दहाला तर मध्य.

पंचविसाव्या वर्षी मथुराही सातच्या आसपास असणार. त्या वर्षी ती एसटी स्टँडवर गाडीखाली जाता जाता वाचली होती आणि घरी येऊन पाय घसरला म्हणून सांगितलं होतं.

दीपिकानं पेन्सिल खाली ठेवली आणि ती डॉक्टरकडे बघू लागली. डॉक्टर शब्द जुळवत होती. भक्तीनं हेडफोन काढले, कापूस काढला आणि डॉक्टरला नाही, आईला विचारलं,

"किती इला?"

मथुरा उठून तिच्या अगदी समोर आली, जिथे भक्तीला आई दिसली असती.

"सात," ती म्हणाली. "चार नाय. सात. सातात बाजूचो माणूस दिसणा नाय, बाय."

भक्तीनं कागदावरच्या खुणा एकेक करून बघितल्या. आईनं खांद्यावर ठेवलेला हात तिनं झटकला नाही, धरलाही नाही. मग तिनं दीपिकाला दुसरा डोळा घ्यायला सांगितलं आणि डोळ्यावरची पट्टी सरकवता सरकवता, कोणाकडेही न बघता विचारलं,

"गाडी घराक कोण नेतलो?"